खांद्याचं ऑपरेशन झालं, मैदानावर परतायचं कधी?

२३ मार्च २०२१ ला पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर इंग्लंडविरुद्धचा एकदिवसीय सामना सुरू होता. चेंडू अडवायला श्रेयस अय्यरने सूर मारला आणि त्याचा डावा खांदा सांध्यातून सरकला. ८ एप्रिलला शस्त्रक्रिया झाली. आयपीएलचा पहिला टप्पा त्याला घरी बसून काढावा लागला. तो पुन्हा मैदानात दिसला २२ सप्टेंबरला, दुबईत. हैदराबादविरुद्ध त्याने नाबाद ४७ धावा केल्या. त्याच्या पंधरा वर्षं आधी सचिन तेंडुलकरही याच वाटेने गेला होता. मार्च २००६ मध्ये लंडनला त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. वेस्ट इंडीजचा दौरा त्याने सोडला, मधल्या काळात इंग्लंडमध्ये लॅशिंग्ज या क्लबकडून काही प्रदर्शनी सामने खेळून हात आजमावला आणि १४ सप्टेंबर २००६ ला क्वालालंपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १४१ धावा काढल्या. दोघांनाही शस्त्रक्रियेपासून मोठ्या सामन्यापर्यंत साधारण साडेपाच महिने लागले.

खेळणं हाच ज्यांचा व्यवसाय, ज्यांच्यासोबत दिवसभर फिजिओ असतो आणि ज्यांना शेतात जायचं नसतं की दुकान उघडायचं नसतं, त्यांना साडेपाच महिने लागतात. गोंदिया तालुक्यातल्या मुर्रीचा एखादा व्हॉलीबॉलपटू, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांमध्ये कबड्डी खेळणारा तरुण किंवा रविवारी कॅमेरा घेऊन सारस शोधायला निघणारा शिक्षक दोन महिन्यांतच ‘आता दुखत नाही, जाऊ का?’ असं विचारतो, तेव्हा हा हिशेब त्याच्यासमोर ठेवायला हवा. हाडामांसाची जुळणी पैशाने किंवा प्रसिद्धीने वेगात होत नाही. मुर्रीच्या माणसाच्या खांद्यालाही जवळपास तितकाच वेळ लागतो, कधी थोडा जास्तही.

हा वेळ कशासाठी लागतो, हे एकदा नीट समजलं की वाट पाहणं पुष्कळ सोपं होतं. खांद्याची खोबण उथळ असते. दंडाच्या हाडाचं गोल डोकं तिच्यात बशीत ठेवलेल्या चेंडूसारखं टेकलेलं असतं. त्यामुळेच हात इतक्या दिशांना फिरतो आणि त्यामुळेच तो निखळतोही. हे डोकं जागेवर धरून ठेवायचं काम दोन गोष्टी करतात. एक म्हणजे खोबणीच्या काठाची मऊ कड, तिला लॅब्रम म्हणतात. दुसरी म्हणजे चार स्नायूंच्या कंडरांचं वेष्टण, म्हणजे रोटेटर कफ. तरुणांमध्ये खांदा निखळून लॅब्रम फाटतो. कबड्डीत पकड होताना हात मागे ओढला गेला की हे घडू शकतं. चाळिशी-पन्नाशीनंतर बहुधा रोटेटर कफ झिजून फाटतो. हात वर करताना कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही.

दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत सर्जन हाडात बारीक अँकर बसवतो आणि त्याला जोडलेल्या धाग्यांनी फाटलेला भाग हाडाशी बांधतो. धाग्याचं काम फक्त धरून ठेवण्याचं. हाड आणि कंडरा एकमेकांना चिकटवणं हे काम शरीर स्वतः करतं आणि ते सावकाश करतं. पहिले सहा आठवडे ही जोडणी अगदी कच्ची असते. साधारण बारा आठवड्यांनी ती हळूहळू ताण घेण्याजोगी होते. तिची घडण पुढे कित्येक महिने, कधी वर्षभर चालू राहते.

दुखणं मात्र या वेळापत्रकाला धरून चालत नाही. पहिला आठवडा वाईट जातो, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बरं वाटू लागतं आणि दुसरा महिना संपता संपता अनेकांना खांदा जवळपास बरा झाल्यासारखा वाटतो. सहाव्या आठवड्यात हाताला आधार देणारी झोळी सुटते आणि घरच्यांचंही लक्ष थोडं ढिलं होतं. शिवलेला कंडरा पुन्हा फाटण्याच्या बहुतेक घटना पहिल्या काही महिन्यांतच घडतात. त्यामुळे सहावा ते बारावा आठवडा हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत जोखमीचा काळ मानावा. या काळात वेदना नसणं ही परवानगी नव्हे.

या लेखातले सगळे आठवडे ढोबळ आहेत. फाट किती मोठी होती, कंडरा किती चांगला उरला होता, बायसेप्सच्या कंडरावर काही केलं का, यावर ते बदलतात. सर्जनने दिलेल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

त्या कागदाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. आपल्याकडे बरेच जण नागपूरला ऑपरेशन करून घेतात आणि रेल्वेने सव्वाशे-दीडशे किलोमीटर परत येऊन गोंदियातल्या फिजिओकडे जातात. सोबत बिल असतं, औषधांची चिठ्ठी असते. पण नेमकं काय शिवलं, कोणती हालचाल किती आठवडे बंद, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग बिचारा फिजिओ अंदाजाने काम करतो. डिस्चार्ज घेण्यापूर्वीच चार गोष्टी लिहून मागाव्यात: काय दुरुस्त केलं, झोळी किती आठवडे, कोणत्या दिशेने हात न्यायचा नाही आणि स्वतःच्या ताकदीने हात उचलायला कधी सुरुवात करायची. ऑपरेशनचे फोटो किंवा सीडी दिली असेल तर तीही जपून ठेवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं; आणि फिजिओच्या फेऱ्या कित्येक महिने चालणार हे धरूनच पैशाची तजवीज करावी.

ऑपरेशनची तारीख निवडण्याची मोकळीक असेल, तर हंगाम बघावा. रोवणीच्या किंवा धान कापणीच्या तोंडावर ऑपरेशन केलं की घरातला एक हात कमी होतो आणि रुग्णाचं मन शेताकडे ओढ घेत राहतं. गोंदियाच्या मे महिन्यात झोळीखाली घाम साचून काखेत पुरळ उठतं, ते वेगळंच. धान घरात आल्यावर, डिसेंबर-जानेवारीत ऑपरेशन झालं तर थंडीत झोळीचे दिवस निघून जातात आणि जूनमधल्या सारस गणनेपर्यंत पाच-सहा महिने मिळतात. खांदा वारंवार निखळत असेल किंवा पडल्यामुळे कफ एकदम फाटला असेल, तर मात्र हंगामाची वाट बघू नये. तारीख डॉक्टरांनीच ठरवावी.

आता घरातले पहिले सहा आठवडे. भुलीसाठी मानेजवळ दिलेल्या इंजेक्शनमुळे हात काही तास, कधी दिवसभर बधिर राहतो. तो बधिरपणा उतरायच्या आधीच सांगितलेली वेदनाशामक गोळी सुरू करावी. मध्यरात्री कळ उसळल्यावर गोळीची वाट बघत बसणं फार कठीण जातं. आडवं झोपणं बहुतेकांना जमत नाही. भिंतीला लोड आणि उशा रचून अर्धवट बसून झोपावं, कोपरामागे घडी केलेला टॉवेल ठेवावा, म्हणजे दंड मागे लोंबत नाही. बर्फ थेट कातडीवर न लावता कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवावा.

कपडे घालताना ऑपरेशनचा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा. पुढून उघडणारे, ढगळ शर्ट किंवा पुढे हूक असलेला ब्लाउज सोयीचा. काख पुसायची तर कमरेत किंचित वाकून हात नुसता खाली लोंबू द्यावा, ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. केस विंचरणं, वेणी घालणं, कणीक मळणं, भाकरी थापणं, हापसा मारणं ही सगळी कामं सहा आठवडे दुसऱ्याकडे द्यावीत. घरातल्या बाईचं ऑपरेशन झालं असेल तर हे वाचायला सोपं आणि पाळायला अवघड असतं, कारण चौथ्या दिवशी पाहुणा आला की तीच उठून चहा ठेवते. घरच्या इतरांनी हा भाग मनावर घ्यावा. तिच्या खांद्याचं यशापयश बरंचसं त्यांच्या हातात असतं. झोळीतल्या हाताने चहाच्या कपापेक्षा जड काहीही उचलू नये.

मोटारसायकल चालवणं झोळी असेपर्यंत पूर्ण बंद. पुढेही हँडलवर जोर देता येईपर्यंत, म्हणजे बहुधा दोन-तीन महिने. मागे बसून जायचं असेल तर खड्ड्याच्या रस्त्याने नकोच, त्यापेक्षा ऑटो बरा. गर्दीत, बसमध्ये, रेल्वेत झोळी घालूनच जावं आणि ऑपरेशनचा खांदा खिडकीच्या बाजूला ठेवावा. झोळी दिसली की लोक जरा अंतर राखतात, हा तिचा दुसरा उपयोग.

तंबाखूबद्दल विदर्भात वेगळं लिहावं लागतं, कारण इथे विडी-सिगारेट न ओढणारा माणूसही दिवसाला दोन-चार खर्रे खातो आणि डॉक्टरांनी ‘धूम्रपान करता का?’ असं विचारलं की प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. निकोटिन धुरातून येवो की खर्ऱ्यातून, ते रक्तवाहिन्या आकसवतं. कंडराच्या त्या टोकाला रक्तपुरवठा आधीच बेताचा असतो. ऑपरेशनपूर्वी काही आठवडे आणि नंतर निदान तीन महिने खर्रा बंद ठेवणं हे कोणत्याही महागड्या अँकरइतकंच महत्त्वाचं आहे. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी खर्ऱ्याचं स्वतःहून सांगावं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणल्याशिवाय ऑपरेशनची घाई करू नये. वाढलेल्या साखरेने जखम चिघळण्याचा आणि खांदा आखडण्याचा असे दोन्ही धोके वाढतात.

गावात आणखी एक संकट प्रेमापोटी येतं. कोणीतरी तेल घेऊन येतं, कोणीतरी हाडवैद्याचं नाव सुचवतं, ‘एक झटका दिला की हात मोकळा होतो’ असं सांगतं. शिवलेल्या खांद्याला झटका देणं म्हणजे शिवण उसवणं. ऑपरेशन झालेल्या खांद्यावर मालिश, ओढाताण, शेक यातलं काहीही सर्जनला किंवा फिजिओला विचारल्याशिवाय करू नये.

व्यायाम मात्र पहिल्या दिवसापासूनच असतो, फक्त खांद्याचा नसतो. बोटं उघडमीट करणं, मऊ चेंडू दाबणं, मनगट फिरवणं, परवानगी असेल तर झोळी सोडून कोपर वाकवणं-सरळ करणं. याने सूज उतरते आणि बोटं आखडत नाहीत. दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे आणून सोडणं हाही साधा, उपयोगी व्यायाम आहे. सर्जनने सांगितल्यावर पुढे वाकून हात लंबकासारखा हलवायचा. हात स्वतःच्या ताकदीने हलवायचा नाही, अंगाच्या हेलकाव्याने हलू द्यायचा. मग काठीचा व्यायाम येतो: दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हाताने ऑपरेशनचा हात उचलायचा. सहा आठवड्यांनंतर भिंतीवर बोटं चालवत हात वर नेणं. बारा आठवड्यांच्या आसपास रबरी पट्ट्यांचे ताकदीचे व्यायाम. रोज गोंदियाला जाणं जमत नसेल तर आठवड्यातून एकदा-दोनदा फिजिओकडे जावं, व्यायाम नीट शिकून घ्यावेत आणि घरी दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं करावेत. रविवारी दोन तास एकदम केल्याने आठवड्याची भरपाई होत नाही, उलट खांदा सुजतो. व्यायामानंतर किंचित ओढल्यासारखं वाटणं ठीक. पण दुखणं रात्रभर टिकलं किंवा दुसऱ्या सकाळी हालचाल कालच्यापेक्षा कमी झाली, तर मात्रा जास्त झाली असं समजावं.

आता मूळ प्रश्न, छंदाचा. छंद एकसंध नसतो, त्याचे तुकडे करता येतात. काही तुकडे पहिल्याच महिन्यात परत मिळतात आणि काहींना वर्ष लागतं. तबला वाजवणाऱ्याचंच बघा. हात झोळीत असताना पढंत करता येते, तालाच्या मात्रा मोजता येतात. सर्जनने हालचालीला होकार दिला की कोपर अंगाजवळ ठेवून डग्ग्या-तबल्यावर थोडा वेळ बसता येतं, कारण तिथे मुख्य काम बोटांचं आणि मनगटाचं. गळ्यात ढोलकी अडकवून तासभर उभं राहणं मात्र कितीतरी पुढची गोष्ट. पेटी वाजवणाऱ्याने भाता कोणत्या हाताने ओढतो ते बघावं. तोच खांदा शिवलेला असेल तर दुसऱ्याने भाता मारावा आणि आपण सूर धरावेत.

पक्षी बघणाऱ्यांना या भागात भाग्यवानच म्हणावं लागेल. महाराष्ट्रात सारस क्रौंच प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात उरला आहे. परसवाड्यासारख्या तळ्याकाठी आणि धानाच्या बांधांवर दिसणारा हा पक्षी माणसाएवढा उंच असतो. त्याला बघायला मोठी लेन्स लागतेच असं नाही. झोळीतसुद्धा तळ्याकाठी बसून नोंदी करता येतात, आवाज ओळखता येतात. बांध मात्र चढू नये. चिखलात पाय घसरला की माणूस नेमका हात टेकतो. साधारण पाऊण किलोची दुर्बीण दोन्ही कोपरं छातीला टेकवून थोडा वेळ धरणं तिसऱ्या महिन्याच्या आसपास बहुतेकांना जमतं. १५०-६०० मिमीची लेन्स आणि कॅमेरा मिळून अडीच-तीन किलो भरतात, आणि ते वजन हात पुढे करून धरलं की खांद्यावर त्याच्या कितीतरी पट ताण येतो. चार-पाच महिने तरी ट्रायपॉडच वापरावा आणि तो उचलायला सोबत कोणी असावं. कॅमेऱ्याचा पट्टाही दुसऱ्या खांद्यावर घ्यावा. नागझिरा अभयारण्यातल्या जिप्सीतले हिसके पहिले तीन महिने टाळलेले बरे. जंगल कुठे जात नाही.

बॅट आधी आणि थ्रो नंतर, हा क्रिकेटचा क्रम. लांबून फेक करताना हात बाजूला उंच जाऊन बाहेरच्या दिशेला वळतो, आणि लॅब्रम शिवलेल्या खांद्याला सर्वाधिक धोका याच स्थितीत असतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात टेनिस चेंडूने, जवळून, मोजक्या फेका. मग अंतर वाढवायचं, मग चेंडू बदलायचा. सूर मारणं सगळ्यात शेवटी. तेंडुलकरसारख्या फलंदाजानेही थेट भारतीय संघात न येता आधी प्रदर्शनी सामन्यांत खांदा तपासून पाहिला, हे गावच्या स्पर्धेत थेट अंतिम सामन्याला उतरू पाहणाऱ्याने लक्षात घ्यावं. बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉलमध्ये स्मॅश आणि वरून केलेली सर्व्हिस सहा महिन्यांच्या आत नको. पोहायला परवानगी मिळाली तरी हात डोक्यावरून फिरवणारी शैली शेवटी. सायकल घरात स्टँडवर लावून, सरळ बसून, लवकर चालवता येते. रस्त्यावर तिसऱ्या महिन्यानंतर.

कबड्डीला सर्वांत जास्त थांबावं लागतं. तिथे खांद्यावर येणारा ताण आपल्या हातात नसतो, तो समोरचे चार जण ठरवतात. सहा महिने हा किमान आकडा, कित्येकांना नऊ महिने लागतात. जानेवारीत ऑपरेशन झालेल्या मुलाने दिवाळीनंतरच्या मंडईचं लक्ष्य ठेवावं, उन्हाळ्यातल्या स्पर्धेचं नाही. तोवर त्याने पंचगिरी शिकावी, गुणलेखन करावं, पायांचा व्यायाम आणि धावणं फिजिओच्या सल्ल्याने चालू ठेवावं. मैदानाशी संबंध पूर्ण तोडणारी मुलं मध्येच कंटाळून व्यायाम सोडतात. रोज मैदानाच्या कडेला येऊन बसणारी टिकतात. संघाच्या कप्तानाने अशा मुलाला ‘एकच रेड मार’ म्हणून आत ओढू नये, एवढी विनंती आहे.

परतायची वेळ झाली की नाही हे कॅलेंडर एकटं ठरवत नाही. हात सर्व दिशांना न दुखता पूर्ण फिरतो का, ताकद दुसऱ्या हाताच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास आली का, आणि जुनी भीती न वाटता ती हालचाल करता येते का, हे तिन्ही बघितलं जातं. तिसरी गोष्ट लोक सांगायला लाजतात. हात वर नेताना खांदा पुन्हा निसटेल असं वाटत असेल तर ते फिजिओला स्पष्ट सांगावं. ते भित्रेपण नव्हे, तपासणीला उपयोगी पडणारी माहिती आहे.

काही लक्षणांसाठी पुढच्या तारखेची वाट बघू नये. ताप, जखमेतून पू किंवा वाढती लाली, बोटं निळी किंवा बधिर होणं, पोटरीत किंवा दंडात एकाएकी सूज, दम लागणं, किंवा ‘कट्’ असा आवाज होऊन हात एकदम उचलेनासा होणं. सर्जन नागपूरला असला तरी आधी गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे तातडीने जावं आणि तिथूनच सर्जनला फोन करावा.

आणि पुढच्या तपासणीला जाताना एका कागदावर आपला छंद आणि त्यातल्या हालचाली क्रमाने लिहून न्याव्यात: दुर्बीण धरणं, लेन्स उचलणं, चेंडू फेकणं, पेटीचा भाता ओढणं, जे असेल ते. ‘नॉर्मल काम कधी सुरू करू?’ या प्रश्नाला डॉक्टर एका वाक्यात उत्तर देतात. अशी यादी समोर ठेवली की प्रत्येक हालचालीपुढे महिना लिहून मिळतो. तो कागद फिजिओला दाखवावा आणि घरात सगळ्यांना दिसेल अशा जागी चिकटवून ठेवावा.